छोट्या निसर्गरम्य कोर्सवर मित्रांसोबत गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटा कोर्स म्हणजे नेमका कसा?

दोन प्रकार आढळतात. पहिल्यात सगळेच होल पार-३ असतात, म्हणजे सराईत खेळाडूला तीन फटके लागावेत असे. होलची लांबी बहुधा ५० ते २०० यार्डांच्या दरम्यान आणि नऊ होलांचा पार २७. दुसऱ्या प्रकारात पार-३ जास्त आणि मध्येमध्ये काही आखूड पार-४ असतात. त्याला एक्झिक्युटिव्ह कोर्स म्हणतात. होलांची संख्या ९ किंवा १८ असायलाच हवी असंही नाही. अमेरिकेतल्या बँडन प्रिझर्व्हला १३ होल आहेत. तिथल्याच पाइनहर्स्टचा ‘द क्रेडल’ २०१७ मध्ये सुरू झाला, त्याचे नऊ होल मिळून अवघे ७८९ यार्ड होतात. आणि ज्या ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स ही मोठी स्पर्धा रंगते तिथेही १९५८ पासून वेगळा पार-३ कोर्स आहे.

स्कोअरकार्ड हातात आल्यावर आधी एक गोष्ट बघा: अंतरं यार्डात दिली आहेत की मीटरमध्ये? १०० मीटर म्हणजे १०९ यार्ड. हा फरक जवळजवळ एका क्लबचा, म्हणजे एक नंबर मोठी काठी लागण्याइतका असतो, आणि तो लक्षात न घेतलेल्या माणसाचे फटके दिवसभर ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) अलीकडे पडत राहतात.

छोटा आहे म्हणजे सोपा असेल ना?

नाही. स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनच्या आठव्या होलला ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणतात. लांबी फक्त १२३ यार्ड, पण ग्रीन चिमुकलं आणि भोवती खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. १९५० च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत हर्मन टिसीस या जर्मन हौशी खेळाडूला इथे १५ फटके लागले. १९७३ च्या ओपनमध्ये याच होलवर ७१ वर्षांच्या जीन सॅराझेनने होल-इन-वन केला, म्हणजे एकाच फटक्यात बॉल होलमध्ये घातला. ताकदीचा संबंध किती कमी आहे ते एवढ्यावरून कळतं.

लांब होलवर पहिला फटका चुकला तर सावरायला आणखी एक पूर्ण फटका हाताशी असतो. पार-३ वर ती सोय नाही, चूक थेट ग्रीनजवळच्या अडचणीत नेऊन सोडते. शिवाय हिशेब पाहा. नऊ पार-३ होलांच्या पार २७ मध्ये १८ फटके पटचे, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवण्याचे धरलेले आहेत. म्हणजे दोन तृतीयांश खेळ पटरने होतो. छोट्या कोर्सवर जिंकायचं असेल तर सराव कशाचा करायचा, हे वेगळं सांगायला नको.

किती जणांनी खेळावं आणि वेळ किती लागतो?

गट जास्तीत जास्त चौघांचा ठेवा. नऊ पार-३ होलांना चौघांना साधारण दीड तास, १८ होलांच्या छोट्या कोर्सला अडीच ते तीन तास. पाच-सहा जण असाल तर दोन गट करा. सहा जण एका गटात खेळले की मागच्यांचा खोळंबा होतो आणि स्वतःच्या गप्पाही जमत नाहीत, कारण निम्मे लोक कायम बॉल शोधत असतात.

कोणते क्लब न्यावेत?

नियमाने १४ पर्यंत नेता येतात, पण इथे सहा-सात पुरतात: एक हायब्रिड किंवा ५ आयर्न (लांब फटक्यांना), मग ७ आणि ९ आयर्न, पिचिंग वेज, ५४ ते ५६ अंशांचा सँड वेज (दोन्ही आखूड, उंच फटक्यांना) आणि पटर. सगळे होल १२० यार्डांच्या आत असतील तर हायब्रिडही घरीच ठेवा. बॅग हलकी झाली की ती खांद्यावर घेऊन चालता येतं, आणि चढउताराच्या कोर्सवर हा फायदा मोठा आहे. बॉल मात्र नेहमीपेक्षा जास्त घ्या. दरी, ओढा, तळं जे काही डोळ्यांना सुखावतं तेच बॉल गिळतं. नवख्या खेळाडूने नऊ होलांसाठी सहा बॉल ठेवावेत.

पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) जाण्याआधी काय ठरवून घ्यावं?

मैत्रीच्या खेळात कुरबुर होते ती बहुतेक वेळा न ठरवलेल्या गोष्टींवरून. पाच मिनिटं द्या आणि हे बोलून घ्या.

सगळ्यात आधी ‘गिमी’. होलच्या अगदी जवळचा पट न मारता धरून चालायचा का, आणि किती अंतरापर्यंत? मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत) प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका ‘दिला’ असं म्हणणं नियमातच बसतं. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचे) बॉल होलमध्ये घालावाच लागतो. आपसातला खेळ असेल तर पटरच्या ग्रिपखालच्या भागाइतकं, म्हणजे साधारण दोन फुटांपर्यंतचं अंतर सोडून द्यायला हरकत नाही, पण ते सगळ्यांना सारखं हवं. पहिल्या होलवर तीन फूट सोडायचं आणि शेवटच्या होलवर दीड फुटावरूनही मारायला लावायचं, हे चालत नाही.

मग कमाल फटके. पार-३ वर सहा झाले की बॉल उचलायचा, असं ठरवलं की एका होलवर कोणी दहा मिनिटं अडकत नाही. ‘कमाल स्कोअर’ हा स्ट्रोक प्लेचा मान्य प्रकारच आहे, त्यामुळे यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. लांबचा बॉल आधी हा संकेत पाळायचा की जो तयार असेल त्याने मारायचं? स्ट्रोक प्लेमध्ये सुरक्षित असेल तेव्हा तयार असलेल्याने मारावं याला नियमच उत्तेजन देतात, आणि फटक्याची पाळी आल्यावर ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. आमच्या मते छोट्या कोर्सवर हाच मार्ग बरा.

मलिगन, म्हणजे पुन्हा मारायची माफी, नियमात कुठेच नाही. द्यायचीच असेल तर प्रत्येकाला पहिल्या टीवर एक द्या आणि तिथेच थांबा.

गटात नवखे आणि मुरलेले दोन्ही आहेत. कोणता खेळ लावावा?

नवखे दोनपेक्षा जास्त असतील तर स्क्रॅम्बल. जोडीतले दोघंही मारतात, चांगला बॉल निवडतात आणि पुढचा फटका दोघंही तिथूनच मारतात. नवख्याचा एखादा लांब पट पडला की जोडीत त्याचा वाटा खरा ठरतो.

प्रत्येकाला स्वतःचा स्कोअर हवा असेल तर स्टेबलफर्ड. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबमध्ये १९३२ मध्ये रुळलेली ही पद्धत फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरांची. बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १ गुण, पारला २, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४. दोन जास्त लागले की शून्य, बॉल उचला आणि पुढे चला. एक होल कितीही बिघडला तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं.

तिघांसाठी बिंगो-बँगो-बाँगो छान चालतो. ग्रीनवर सगळ्यात आधी पोहोचणाऱ्याला एक गुण, सगळे ग्रीनवर आल्यावर होलच्या सर्वांत जवळ असणाऱ्याला एक, आणि सगळ्यात आधी बॉल होलमध्ये घालणाऱ्याला एक. एक मेख लक्षात ठेवा: या खेळात लांबचा बॉल आधी हा क्रम काटेकोर पाळावा लागतो. ‘तयार असेल त्याने मारा’ असं ठरवून हा खेळ लावला की पहिल्याच ग्रीनवर वाद होतो.

हँडिकॅपमध्ये (खेळाडूला पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात त्या आकड्यात) फरक असेल तर जास्त हँडिकॅपवाल्याला तेवढे फटके द्या, स्कोअरकार्डवरच्या स्ट्रोक इंडेक्सप्रमाणे कठीण होलपासून सुरुवात करून. मात्र मोठ्या कोर्सवरचा फरक इथे जसाच्या तसा लावू नका. लांब मारणाऱ्याचा फायदा इथे बराच कमी होतो, म्हणून नऊ पार-३ होलांसाठी १८ होलांच्या फरकाच्या एक तृतीयांश फटके ही बरी सुरुवात आहे. पुढच्या वेळी निकाल पाहून बदला.

टी उंचावर आणि ग्रीन खाली दिसतंय. कोणता क्लब घ्यावा?

निसर्गरम्य कोर्सवरचा हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात फसवा फटका. कामापुरता नियम असा: उंचीचा फरक जितके यार्ड, तितकं अंतर वजा करा. कार्डावर १४० यार्ड आणि ग्रीन १५ यार्ड खाली असेल तर १२५ यार्डांचा फटका मारा. कारण सरळ आहे. आयर्नचा बॉल खाली येताना जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन करतो, आणि या कोनात बॉल एक यार्ड खाली येताना एक यार्ड पुढेही जातो. वेजचा बॉल जास्त उभा उतरतो, म्हणून त्याला थोडं कमी वजा करा. हायब्रिडचा आडवा येतो, त्याला थोडं जास्त.

क्लब बरोबर निवडूनही फटका का चुकतो? तीन कारणं. एक, नजर खाली लागलेली असल्याने खांदेही लक्ष्याकडे झुकतात, क्लब खूप उभा उतरतो आणि बॉलच्या मागची माती उडते. टीची जागा सपाट असते. खांदे रोजच्यासारखे ठेवा आणि समोरच्या झाडाच्या शेंड्यावर किंवा डोंगराच्या कडेवर नजर ठेवून रेषा धरा. दोन, लहान क्लबने ‘पोहोचेल ना’ ही शंका येते आणि माणूस जोर लावतो. तीन, बॉल हवेत जास्त वेळ राहतो, त्यामुळे जराशी बाजूची चूक किंवा आडवा वारा नेहमीपेक्षा जास्त लांब नेऊन टाकतो. म्हणून झेंडा कुठेही असो, ग्रीनचा मध्य धरा.

चढावरच्या ग्रीनला याच्या उलट: तितकं अंतर मिळवा. इथे बॉल आडवा उतरून जास्त घरंगळतो, आणि झेंड्याचं बूड दिसत नसल्याने ग्रीन आहे त्याहून जवळ भासतं.

कोर्सच डोंगरावर असेल तर आणखी एक भर. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरांवर हवा विरळ असल्याने बॉल साधारण ६ ते १० टक्के लांब जातो.

रेंजफाइंडरने अंतर मोजायला नियमांची आडकाठी नाही, पण उतार धरून अंतर सांगणारी सोय स्पर्धेत बंद ठेवावी लागते. मैत्रीच्या खेळात वापरायची तर सगळ्यांना वापरू द्या.

टीवर वारा जाणवत नाही, तरी बॉल का भरकटतो?

कारण टी झाडांच्या आडोशाला असते आणि बॉल शेंड्यांच्या वरून जातो. गवत उडवून पाहण्यापेक्षा ग्रीनमागच्या झाडांचे शेंडे आणि झेंडा पाहा. दोघांची दिशा वेगळी असेल तर शेंड्यांवर विश्वास ठेवा.

समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा १२० यार्डांच्या फटक्यातून साधारण १० ते १२ यार्ड खातो. तोच वारा पाठीमागून आला तर जेमतेम ५-६ यार्ड देतो. समोरच्या वाऱ्यात जोर लावू नका, कारण जोराने मारलेल्या बॉलला उलटी फिरकी जास्त बसते, बॉल फुग्यासारखा वर चढतो आणि जागच्या जागी पडतो. एक मोठा क्लब घ्या, ग्रिपवर हात इंचभर खाली धरा आणि सावकाश मारा.

आयर्नने मारताना टी (बॉल ठेवायची छोटी काडी) लावावी का?

लावावी, प्रत्येक पार-३ वर. ती खोचून बॉल गवतापासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर राहील इतकी ठेवा. जास्त उंच ठेवली तर बॉल क्लबच्या वरच्या भागाला लागून अंतर कमी होतं. आणि टी मार्करांच्या रेषेत अगदी पुढे उभं राहण्याची सक्ती नाही. मागे दोन क्लबलांबीपर्यंत कुठेही बॉल ठेवता येतो. सपाट, न उखडलेली जागा शोधा.

५०-६० यार्डांचा अर्धा फटका नेहमी फसतो. काय चुकतं?

बहुतेकदा बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) मोठा होतो. मग खाली येताना ‘जास्त होईल’ म्हणून हात मंदावतात आणि क्लब बॉलच्या आधी जमिनीत शिरतो. उपाय म्हणजे वेग नव्हे, लांबी कमी करणं. पाय जवळ घ्या, वजन थोडं पुढच्या पायावर ठेवा, बॉल पायांच्या मध्यावर. उजव्या हाताने खेळत असाल तर डावा हात घड्याळाच्या नऊच्या काट्याइतका जमिनीला समांतर होईपर्यंतच मागे न्या, आणि पुढे छातीसकट पूर्ण वळा. या एकाच लांबीने प्रत्येक वेज किती जातो ते सरावाच्या मैदानावर मोजा. दोन वेज म्हणजे दोन पक्की अंतरं हाताशी.

क्लब बॉलच्या डोक्याला घासून तो ग्रीनपार पळत असेल तर तुम्ही तो उचलायला बघताय. वजन मागच्या पायावर राहिलंय. उचलायचं काम क्लबच्या कोनाचं आहे. बॉल एकदम आडवा उजवीकडे सुटला तर तो क्लबच्या दांड्याजवळ लागला: चवड्यांवरचं वजन टाचांकडे आणा आणि बॉलपासून थोडे लांब उभे राहा. आणि उतारावर आडवे उभे असाल, बॉल पायांपेक्षा वर असेल, तर तो डावीकडे जाणार हे धरूनच उजवीकडे नेम घ्या.

ग्रीनवर बॉल डोळ्यांना दिसतो त्याच्या उलट का वळतो?

डोंगराळ भागात हे हमखास घडतं. डोळे आजूबाजूच्या जमिनीलाच सपाट मानतात. अख्खी टेकडी पश्चिमेकडे उतरत असेल आणि ग्रीन तिच्यापेक्षा कमी उतरतं असेल, तर ते पूर्वेकडे झुकल्यासारखं वाटतं. बॉल मात्र गुरुत्वाकर्षण मानतो आणि पश्चिमेला जातो.

म्हणून ग्रीन वाचायला सुरुवात तीसेक यार्ड अलीकडून करा, चालत येतानाच. तिथून पूर्ण जमीन कुठे झुकते ते दिसतं. मग स्वतःला विचारा: इथे बादलीभर पाणी ओतलं तर ते ग्रीनवरून कुठून बाहेर पडेल? मग पटच्या रेषेच्या खालच्या अंगाला उभं राहून पाहा. उतार खालून स्पष्ट कळतो. पायांचंही ऐका. बॉल आणि होलच्या मधोमध, रेषेवर पाय न देता, रेषेच्या बाजूला उभं राहिलं की कुठल्या पायावर भार येतो ते जाणवतं.

शेवटच्या तीन फुटांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. बॉल तिथे मंदावलेला असतो, आणि मंद बॉल जास्त वळतो. लांब पटला दिशेपेक्षा अंतर महत्त्वाचं. ३० फुटांवरून दिशा दोन फूट चुकली तरी दुसरा पट सोपा राहतो. अंतर आठ फूट चुकलं की तीन पटची तयारी झाली.

पट करताना झेंडा काढायचा की ठेवायचा?

२०१९ पासून ठेवला तरी चालतो, बॉल त्याला लागला तर दंड नाही. वेळ वाचतो, म्हणून ठेवा. काढलात तर ग्रीनबाहेर हलक्या हाताने ठेवा. त्याच्या टोकाने ग्रीनवर खड्डा पडतो.

बॉल दरीत किंवा पाण्यात गेला तर?

तिथल्या हद्दीच्या खुंट्यांचा रंग पाहा. लाल असेल तर एक फटका दंड, आणि बॉलने हद्द शेवटची जिथे ओलांडली तिथून दोन क्लबलांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं. पिवळ्या खुंट्यांना ही बाजूची सोय नाही. तिथे होल आणि ओलांडलेली जागा यांच्या रेषेत मागे जावं लागतं, किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा मारावं लागतं. पांढरे खुंटे म्हणजे कोर्सची हद्दच संपली: एक फटका दंड आणि पुन्हा आधीच्या जागेवरून.

छोट्या कोर्सवर एक गोष्ट बरेच जण विसरतात. टीवरून परत मारण्याचा पर्याय लाल आणि पिवळ्या खुंट्यांनाही असतोच, आणि होल ११० यार्डांचा असेल तर बहुधा तोच सगळ्यात चांगला. तिथे बॉल पुन्हा टीच्या काडीवर ठेवता येतो, जागा सपाट असते आणि अंतर नुकतंच कळलेलं असतं. दरीच्या काठावर, उतारावर, गवतात ड्रॉप करून ७० यार्ड मारणं त्यापेक्षा अवघड. दंड दोन्हीकडे सारखाच.

बॉल झाडीत हरवला असेल अशी शंका असेल तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल मारतोय’ (म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा बॉल) असं स्पष्ट म्हणा आणि दुसरा मारा. शोधायला तीन मिनिटं मिळतात. आणि कड्याच्या टोकावर किंवा पाण्याच्या निसरड्या काठावर बॉलसाठी वाकू नका. सोडून द्या.

माझा बॉल शेजारच्या होलच्या ग्रीनवर थांबला. तिथून मारू का?

नाही. चुकीच्या ग्रीनवरून मारता येत नाही, आणि तुमचे पाय तिथे येत असतील तरीही नाही. ग्रीनबाहेर सगळ्यात जवळची मोकळी जागा पाहा, तिच्यापासून एका क्लबलांबीत विनादंड ड्रॉप करा. होल एकमेकांना चिकटून असलेल्या कोर्सवर हे रोज घडतं. याच कारणाने बॉल जरा जरी शेजारच्या होलकडे वळला तरी ‘फोर!’ असं जोरात ओरडा. आधी ओरडा, तो कुठे पडतो ते नंतर पाहा. तुम्हाला ‘फोर’ ऐकू आलं तर वर बघू नका. डोकं हातांनी झाका आणि खाली वाका.

पिच मार्क (बॉल पडून ग्रीनवर झालेला खड्डा) कसा बुजवायचा?

छोट्या कोर्सवर जवळजवळ प्रत्येक बॉल उंचावरून थेट ग्रीनवर पडतो, म्हणून तिथली ग्रीन लवकर खराब होतात. बुजवणं आलंच पाहिजे. दुरुस्तीचा काटा खड्ड्याच्या कडेबाहेर खोचा आणि कडेचं गवत मध्याकडे ढकला, चारही बाजूंनी. मग पटरने थोपटा. काटा खाली घालून माती वर उचकटू नका. मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग बराच काळ राहतो. स्वतःचा एक आणि दुसऱ्याचा राहिलेला एक, असं प्रत्येक ग्रीनवर केलंत तर कोर्स टिकतो. बुटांनी पडलेल्या खुणाही २०१९ पासून पट करण्याआधी नीट करता येतात.

फोटो कधी काढावेत?

टीवर, सगळ्यांचे फटके झाल्यावर. कोणी बॉलसमोर उभं असताना मागे हालचाल नको, क्लिकचा आवाज तर नकोच. ग्रीनवर होल संपला की आधी बाहेर पडा. मागचा गट तुम्हाला पाहत उभा असतो. बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवली असेल तर हे आपोआप होतं.

इथला स्कोअर हँडिकॅपसाठी धरतात का?

कोर्सचं रेटिंग (अधिकृत काठिण्यमापन) झालं असेल तर धरता येतो. जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० मध्ये आली, आणि २०२४ पासून १८ होलांची किमान लांबी ३००० वरून १५०० यार्डांवर आणली गेली. नऊ होलांसाठी ती ७५० यार्ड आहे. त्यामुळे अनेक पार-३ कोर्स आता बसतात. मात्र मलिगन घेतलेला किंवा स्क्रॅम्बलचा स्कोअर चालत नाही.

बॉल झेंड्याला टेकून होलच्या तोंडावर अडकला. होल-इन-वन झाला का?

बॉलचा थोडासा भागही जमिनीच्या पातळीखाली, होलच्या आत असेल तर झाला. झेंडा काढायची घाई करू नका, आधी सगळ्यांनी मिळून पाहा. पहिला बॉल पाण्यात गेला आणि टीवरून मारलेला दुसरा थेट होलमध्ये पडला तर मात्र तो तीन, म्हणजे पार. तोही आनंदाने साजरा करण्यासारखाच.

मध्येच ढग गडगडले तर?

पहिल्या गडगडाटालाच खेळ थांबवा. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की, स्पर्धा असो वा नसो, धोका वाटल्यास खेळाडूला स्वतःहून थांबता येतं. एकट्या झाडाखाली, उंच टीवर किंवा पाण्याजवळ थांबू नका; पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. कोर्सवरची उघडी शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. बॉलची जागा खुणेने दाखवून तो उचलून घ्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्यावरच परत या.